सिक्खा आणि प्रशिक्षण : सामाजिक कार्याच्या प्रशिक्षकांसाठी

श्रामणेर शिबिर, बौद्धाचार्यांचे शिबिर, उपासिकांचे धम्मशिबिर, समता सैनिक दलाचे वर्ग ही नावे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील धम्मबांधवांच्या चांगल्या परिचयाची आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत तर बहुतेक विहारांत काही ना काही उपक्रम चालू असतोच. अलीकडच्या काळात या यादीत आणखी एका शिबिराची भर पडली आहे. ते शिबिर सामाजिक कार्य करणाऱ्यांसाठी नसून, असे कार्य करणारी माणसे गावोगाव तयार करू शकतील अशा प्रशिक्षकांसाठी असते. ते निवासी असते, आठ-दहा दिवस चालते, आणि पहाटेच्या वंदनेपासून रात्री उशिरापर्यंत माणसाला गुंतवून ठेवते. तेथून परत आलेल्यांपैकी कित्येकांची एक तक्रार मी वारंवार ऐकली आहे : "तिथे व्याख्याने फारशी झालीच नाहीत. गटात बसवले, नाटके करवली, आम्हालाच बोलायला लावले. मग शिकवले काय?"

तक्रार प्रामाणिक आहे. आपली चळवळ भाषणांवर वाढली आहे आणि चांगले भाषण ऐकण्याची आपल्याला गोडी आहे. परंतु या तक्रारीमागे शिक्षणाविषयीची एक समजूत दडलेली आहे, आणि ती पाली वाङ्मयाशी जुळत नाही. प्रस्तुत लेखात अशा शिबिरात काय चालते, ते तसे का चालते आणि त्याचा धम्माशी संबंध कोणता, हे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. पालीतील 'सिक्खा' आणि संस्कृतातील 'शिक्षा' यांचे मूळ 'शक्' या धातूच्या इच्छार्थक रूपात आहे. शक् म्हणजे शकणे, समर्थ असणे. म्हणून शिक्ष् म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे. शिकणे याचा मूळ अर्थ माहिती गोळा करणे असा नाही. जे आज जमत नाही ते जमावे म्हणून केलेला यत्न म्हणजे शिकणे. भगवंतांनी अधिसील, अधिचित्त आणि अधिपञ्ञा अशा तीन सिक्खा सांगितल्या. त्यांतील एकही केवळ ऐकून पूर्ण होणारी नाही. पंचशील ग्रहण करताना आपण प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हणतो. म्हणजे सरावासाठी उचललेले पाऊल. दररोज हा शब्द उच्चारणाऱ्या समाजाला 'करून शिकणे' परके वाटावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

'प्रशिक्षकांचे प्रशिक्षण' ही कल्पना परदेशातून आली असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. महावग्गात एक प्रसंग आहे. इसिपतन येथे साठ भिक्खू अर्हत झाल्यावर तथागतांनी त्यांना लोकांच्या हितासाठी वेगवेगळ्या दिशांना पाठविले आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे सांगितले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. दूरदूरच्या जनपदांत गेलेले हे भिक्खू प्रव्रज्या घेऊ इच्छिणाऱ्यांना बरोबर घेऊन भगवंतांकडे येऊ लागले. त्या प्रवासात भिक्खूही थकत आणि ते इच्छुकही. हे पाहून भगवंतांनी अधिकारच वाटून दिला : त्या त्या दिशेस, त्या त्या जनपदात तुम्हीच त्रिसरण देऊन प्रव्रज्या आणि उपसंपदा द्या. संघाच्या आरंभीच केंद्राने आपले काम गावाकडे सोपविले. जो पूर्णपणे तयार आहे त्याने दुसऱ्यास तयार करावे, त्यासाठी मूळ गुरूकडे धाव घेण्याचे कारण नाही, हीच प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची मूळ कल्पना होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, स्वतः उपासक असूनही, लाखो लोकांना दीक्षा दिली. त्यामागे हाच विचार दिसतो.

बाबासाहेबांचे या बाबतीतील आणखी एक पाऊल आपण जवळजवळ विसरलो आहोत. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. ज्यांच्या शब्दावर लाखोंचा समुदाय जमत असे, त्यांना आयुष्याच्या अखेरीस पंधरा जणांचा वर्ग आवश्यक वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. सभा घेणारे पुढे पुष्कळ झाले. असा वर्ग घेणारे तितके झाले नाहीत.

परदेशातून जे आले ते म्हणजे या कल्पनेचे आजचे तंत्र. त्याचा एक धागा, गंमत म्हणजे, नागपूरमधूनच गेलेला आहे. जेम्स लॉसन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. ते गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत होते. ज्या शहरात भारतातील सर्वांत मोठे अहिंसक परिवर्तन घडू पाहत होते, त्याच शहरात राहून त्यांनी तिकडे किती पाहिले, असा प्रश्न आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही. असो. मायदेशी परतल्यावर त्यांनी नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांची भूमिका घेत. शिव्या देत, खुर्चीवरून ओढत, तोंडावर धूर सोडत. बाकीचे जागा न सोडता, हात न उचलता बसून राहण्याचा सराव करीत. फेब्रुवारी १९६० मध्ये हेच विद्यार्थी खरोखरीच गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत जाऊन बसले आणि मे महिन्यात त्या शहरातील अनेक उपाहारगृहांची दारे सर्वांना खुली झाली. पुढे जॉर्ज लेकी यांनी १९९२ साली फिलाडेल्फिया येथे अशा प्रशिक्षणाची संस्था काढली. सामाजिक कार्याच्या प्रशिक्षकांसाठी सलग अनेक दिवसांचे वर्ग घेण्याची पद्धत अशा संस्थांनी रूढ केली. आपल्याकडे नागपूरच्या नागलोक येथील नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत अनेक राज्यांतील तरुण धम्म आणि सामाजिक कार्य यांचे निवासी शिक्षण घेतात. मात्र या साऱ्या पद्धतीचे सर्वांत जुने लिखित उदाहरण मला मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात दिसते.

पुण्ण हा भिक्खू सुनापरांत जनपदात जाण्यास निघतो. परंपरेने सुनापरांत म्हणजे आपला पश्चिम किनारा. अट्ठकथा पुण्णाचा संबंध सुप्पारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याशी जोडते. तेव्हा ही आपल्याच भूमीची गोष्ट आहे. निघण्यापूर्वी भगवंत त्याला विचारतात : तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर तुझ्या मनात काय येईल? पुण्ण सांगतो, ते भले आहेत, त्यांनी हात तरी उचलला नाही, असे मी मानीन. हात उचलला तर? ढेकळे मारली तर? काठी घेतली तर? शस्त्र चालविले तर? जीवच घेतला तर? एकेक पायरी चढत प्रश्न येतात आणि प्रत्येक वेळी पुण्णाला उत्तर स्वतःच शोधावे लागते. भगवंत येथे एकही उपदेश करीत नाहीत. ते प्रसंग उभा करतात आणि शिष्याची तयारी तपासतात. संयम आणि उपशम त्याच्या अंगी बाणल्याची खात्री झाल्यावरच ते त्याला जाण्याची अनुमती देतात. त्याच वर्षावासात पुण्णाने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते. पाचशे हा पालीतील ठरावीक आकडा आहे, तो मोजून घेण्याचे कारण नाही. स्त्रिया आणि पुरुष दोघांची संख्या सारखी सांगितली आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. आपल्या शिबिरात उपासिका मागच्या रांगेत बसलेल्या दिसल्या की मला या सुत्ताची आठवण होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो यावयासच हवा. अत्याचार सोसत राहा, असा या सुत्ताचा अर्थ नाही काय? मला तसे वाटत नाही. पुण्ण माघार घेत नाही. तो जातो, राहतो आणि आपले काम पुरे करतो. सुत्तात परीक्षा आहे ती त्याच्या कामाला लागणाऱ्या मनोबलाची. अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडावे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. महाडचे उदाहरण घ्यावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. आपल्या बाजूस सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण होते आणि ते केवळ आज्ञेची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी प्रतिहल्ल्याची आज्ञा दिली नाही. पण त्यांनी प्रकरण सोडूनही दिले नाही. तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. त्या दिवशी हात आवरणे आणि पुढे दहा वर्षे खटला लढविणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीतून आल्या. हात आवरण्याचा सराव एका दिवसात होत नाही, आणि खटला लढविण्याची चिकाटीही एका भाषणाने येत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. २००७ साली माण तालुक्यातील कुळकजाई येथे एका बौद्ध शेतकऱ्याचा विहीर खोदण्याच्या वादातून खून झाला; पुढे त्या खटल्यातील आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. २०२३ च्या जून महिन्यात मिरज तालुक्यातील बेडग येथे डॉ. आंबेडकरांच्या नावाची स्वागत कमान पाडण्यात आली आणि तेथील अनेक कुटुंबांनी निषेध म्हणून गाव सोडून पायी मुंबईची वाट धरली. पहिल्या प्रसंगी पंचनाम्यात काय लिहिले जाते, साक्षीदारांना कोण धीर देते, दवाखान्यात कोण थांबते, या प्रश्नांवर पुढचे सर्व अवलंबून असते. दुसऱ्या प्रसंगी शेकडो माणसे रस्त्याने चालत असताना पाणी कोण देतो, वृत्तपत्रांशी कोण बोलतो, वाटेत कोणी डिवचले तर तरुणांना कोण आवरतो, हे प्रश्न येतात. सभेत टाळ्या घेणारा वक्ता या कामी फारसा उपयोगी पडत नाही. गावात आधीपासून तयार असलेली पाच-सहा माणसे लागतात, आणि त्यांना तयार करणारा कोणी तरी तालुक्यात लागतो. शिबिर आहे ते या माणसासाठी.

शिबिरातील जो पाठ मला सर्वांत फलदायी वाटतो त्याचे नाव रोहिणीचा पाठ. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात शोधले आहे. सेनापती शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. तो नुसता विरोध करून थांबत नाही, पर्यायही मांडतो. आपण आपल्यातील दोघे निवडावेत, कोलियांनी त्यांचे दोघे निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. ठराव बहुमताने त्याच्याविरुद्ध जातो. पुढे सैन्यभरतीस नकार दिल्यावर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती यांचे भय त्याच्यापुढे उभे केले जाते. शिक्षा कुटुंबावर येऊ नये म्हणून तो परिव्राजक होण्याचे स्वीकारतो.

पालीच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोहिणीचा वाद जातक-अट्ठकथेत आणि धम्मपद-अट्ठकथेतही येतो. परंतु तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतर घडतो. तथागत दोन सैन्यांच्या मध्ये येऊन उभे राहतात आणि पाणी अधिक मोलाचे की माणसांचे रक्त, असा प्रश्न करून युद्ध थांबवितात. बाबासाहेबांनी हा प्रसंग बुद्धत्वापूर्वी आणला. त्यावर काही पंडितांनी नाके मुरडली. मला मात्र या बदलात मोठा अर्थ दिसतो. अट्ठकथेत एका लोकोत्तर पुरुषाच्या दर्शनाने वाद मिटतो. ते आपल्यासारख्यांना जमणारे नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत अठ्ठावीस वर्षांचा एक सभासद सभेत उभा राहतो, पर्याय देतो, हरतो आणि परिणाम भोगतो. हे मात्र शिकता येते आणि शिकविताही येते. ज्या ग्रंथकाराने स्वतः कायदेमंडळे, परिषदा आणि समित्या गाजविल्या, त्याने सिद्धार्थाला प्रथम सभेत उभे करावे, हे स्वाभाविकच आहे.

शिबिरात हा पाठ असा घेतात. पंधरा जणांचा शाक्य संघ बसवायचा. एक सेनापती, एक सभापती, एक सिद्धार्थ. उरलेल्यांपैकी तिघांचे शेत रोहिणीच्या काठी आहे, दोघांचे सोयरे कोलियांत आहेत, एकाला पूर्वीचा अपमान आठवतो, आणि चौघांना काहीच मत नाही. अर्धा तास सभा चालू द्यायची. मग थांबवून ज्याला त्याला विचारायचे : तुम्ही मत का बदलले, किंवा का बदलले नाही? बहुतेक वेळा असे दिसते की सिद्धार्थाची भूमिका करणारा सुंदर भाषण करतो आणि हरतो. क्वचित एखादा असा निघतो की भाषणाआधीच त्या चार मौनी सभासदांपाशी जाऊन बसतो. शिबिरार्थींना तो फरक डोळ्यांनी दिसतो. तो व्याख्यानात सांगितला असता तर वहीत उतरला असता आणि वहीतच राहिला असता. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतून आलेल्यांना पाण्याचा वाद समजावून सांगावा लागत नाही, हा आणखी एक लाभ. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणात भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा देण्याचे तत्त्व मान्य झाले होते. पाठ संपल्यावर त्याची चर्चा ठेवली तर रोहिणी एकदम येरळेच्या काठी येते.

दुसरा पाठ मसूरचा. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास गोरेगावला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना पत्र न मिळाल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच चेहरा पालटला आणि ते मागे सरकले. बऱ्याच वेळाने येऊन त्यांनी गाडीची तजवीज केली, तीही अशी की भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. वाटेत जवळ अन्न होते, पण पिण्यास पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. मसूर आज कराड तालुक्यात आहे आणि सातारा-सांगलीकडील शिबिरार्थींपैकी अनेक जण पुणे-मिरज लोहमार्गावरील त्या स्थानकावरून कितीदा तरी गेलेले असतात.

या पाठात सर्वांनाच भीमराव व्हावयाचे असते, किंवा मध्येच धावून येणारा एखादा शूर प्रवासी. स्टेशनमास्तर होण्यास कोणी तयार होत नाही. प्रशिक्षकाने आग्रहाने तीच भूमिका पुढे आणावी. तो दुष्ट नाही. त्याने प्रथम आस्थेने विचारले, शेवटी गाडीही करून दिली. मधल्या वेळात तो कोठे होता, कोणाचे भय धरून होता, कोणता एक शब्द त्याला पुरे पडला असता? गावातील तलाठी, शिक्षक, हवालदार, डॉक्टर यांच्यात असे स्टेशनमास्तर पुष्कळ असतात, आणि कार्यकर्त्याला रोज त्यांच्याशीच काम पडते. एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. ज्याच्या अंगावर अपमानाची जखम ताजी आहे त्याला मुलाची भूमिका देऊ नये, आणि पाठ संपल्यावर प्रत्येकाला नाव घेऊन त्या भूमिकेतून बाहेर आणावे. हे न करता पुढच्या तासाला घंटा वाजविणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत; ते योग्य नव्हे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९५ चे नियम यांवर तासभर व्याख्यान ठेवण्यात अर्थ नाही. शिबिरार्थींच्या जोड्या कराव्यात, एक घटना तोंडी सांगावी आणि प्रत्येक जोडीला फिर्याद लिहावयास लावावी. मग दुसऱ्या जोडीने आरोपीच्या वकिलाच्या नजरेने तीत भोके शोधावीत. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा, दोषारोपपत्र साठ दिवसांत जावे, जामिनासह प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, या गोष्टी मग आपोआप लक्षात राहतात. कारण त्या न ठाऊक असल्याने आपली फिर्याद कोठे फाटली हे नुकतेच पाहिलेले असते.

प्रशिक्षक कसा असावा याविषयी अंगुत्तरनिकायात एक लहानसे सुत्त आहे. कोसंबीच्या घोसितारामात उदायी हा भिक्खू गृहस्थांच्या मोठ्या समुदायात बसून धम्म सांगत आहे. आनंद ते पाहून भगवंतांना कळवितो. कौतुकाचे शब्द येतील अशी आपली अपेक्षा असते. भगवंत म्हणतात, दुसऱ्याला धम्म सांगणे सोपे नव्हे. मग ते पाच अटी घालतात. क्रमाक्रमाने सांगावे, कारणे दाखवून सांगावे, अनुकंपेने सांगावे, लाभासाठी सांगू नये, आणि स्वतःला वा दुसऱ्याला न दुखविता सांगावे. यांतील पहिल्या दोन अटी बुद्धीच्या आहेत आणि अभ्यासाने साधतात. चौथीविषयी आपल्यापैकी ज्यांना मानधनाची आणि हारतुऱ्यांची सवय झाली आहे त्यांनी स्वतःशीच बोलावे. मला कठीण वाटते ती पाचवी. आपल्या सभांत देव्हाऱ्यासमोर अजून हात जोडणाऱ्या म्हाताऱ्या आईला टोमणे मारून टाळ्या मिळविल्या जातात. बावीस प्रतिज्ञा तिला समजावून सांगितल्याच पाहिजेत. पण तिचा पाणउतारा करून सांगितल्या तर ती पुढच्या पौर्णिमेला विहारात येत नाही, आणि तिची सूनही येत नाही.

ज्याला माणसे एकत्र ठेवायची आहेत त्याने हत्थक आळवकाकडेही पाहावे. हा उपासक पाचशे जणांचा समुदाय सांभाळून होता. कसा, असे भगवंतांनी विचारल्यावर तो दान, पियवज्ज, अत्थचरिया आणि समानत्तता या चार संग्रहवस्तूंची नावे घेतो : कोणाला दानाने, कोणाला गोड शब्दाने, कोणाला उपयोगी पडून, तर कोणाला बरोबरीच्या वागणुकीने आपण जोडतो. पुढे तो मोकळेपणाने एक भर घालतो की माझ्या घरी संपत्ती आहे. गरिबाचे म्हणणे लोक असे ऐकत नाहीत. या कबुलीबद्दल भगवंत त्याला दोष देत नाहीत. आपल्या शिबिरातही बँकेत नोकरीस असलेला आणि ऊसतोडीला जाणारा शेजारी बसतात. कोणाचे म्हणणे आधी ऐकले जाते ते सर्वांना दिसते. यावर उपाय प्रवचनाचा नाही, कामाच्या पाळ्यांचा आहे. झाडलोट, भांडी, भाकरी यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात आणि त्यांत मार्गदर्शकांचीही नावे असावीत. उपासिकांनी स्वयंपाक करावा आणि उपासकांनी समतेवर चर्चा करावी, असे शिबिर दहा दिवस चालले तरी समानत्तता शिकवू शकत नाही.

शेवटी थकव्याविषयी. अत्याचाराची प्रकरणे हाताळणारे कार्यकर्ते लवकर करपतात, कडवट होतात, कधी व्यसनाकडेही वळतात. संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याची आणि मेदकथालिका या त्याच्या शिकाऊ साथीदाराची गोष्ट आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, असे नव्हे; तुम्ही स्वतःला सांभाळा, मी मला सांभाळतो, तरच दोघे सुखरूप खाली उतरू. भगवंत येथे शिष्याची बाजू उचलून धरतात, आणि पुढे आपले म्हणणे जोडतात : स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो. पहिले सराव, भावना आणि त्यांची पुनरावृत्ती यांनी होते. दुसरे क्षमा, अहिंसा, मैत्री आणि अनुकंपा यांनी. आमच्या गावांतून डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही उपमा समजावण्याची गरज नाही. म्हणूनच शिबिरात पहाटे आनापानसती आणि मैत्रीभावना ठेवलेली असते. काही कार्यकर्त्यांना ती वेळ वाया गेल्यासारखी वाटते आणि ते त्या तासाला फलक लिहीत बसतात. फलक दुपारीही लिहिता येतात.

शिबिरास जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तालुक्यातून एकट्याने जाऊ नये. दोघांनी जावे, आणि त्यांत एक उपासिका असावी. साठ भिक्खूंना एकेकट्याने पाठविले होते, परंतु ते अर्हत होते. जाताना आपल्या ग्रामपंचायतीच्या गेल्या वर्षभरातील ग्रामसभांच्या नोटिसा आणि इतिवृत्ताच्या नकला मागून घेऊन बरोबर न्याव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. आपल्या वस्तीतील किती जण त्यांना गेले, कोण बोलले, बोललेले इतिवृत्तात आले की नाही, हे त्या कागदांवरून कळते. रोहिणीच्या पाठाला बसताना शाक्य संघाऐवजी हीच सभा घेता येते. परत आल्यावर महिन्याच्या आत, पौर्णिमेची वंदना झाली की विहारातील सतरंजीवर पंधरा जण बसवून तो पाठ एकदा घ्यावा. सेनापतीच्या जागी कोणाला बसवायचे हे गावातील मंडळी चांगले जाणतात.